समोर ये, मग बोल

"समोर ये, मंग बोल," असं म्हणत दादा माणसाचा खांदा धरून त्याला स्वतःकडे वळवायचे. पाठीमागे बोललेलं खपत नाही असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. आम्ही दादांना तसाच सडेतोड माणूस समजत होतो.

भिवंडीत निजामपुऱ्यातल्या यंत्रमाग कारखान्यात दादा बिघडलेले लूम दुरुस्त करायचे, मी कापड तपासायचो. तिथल्या खडखडाटात सगळेच ओठ बघून, हातवारे करून बोलतात. घरी मात्र वहिनींची तक्रार असायची, "मी सैपाकघरातून बोलून बोलून थकते, यांचं मौनव्रत काय सुटत न्हाय." मीही हसायचो.

त्यांच्या जावयाची बदली जैसलमेरला झाली, म्हणून गेल्या थंडीत आमची दोन्ही घरं तिकडे गेली. एक दिवस वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवला. माळढोक बघितल्याशिवाय परतायचं नाही, असा दादांचा हट्ट. नवा शर्ट, गळ्यात जावयाची दुर्बीण. वाटाड्याने जीपमधून उतरवून गप्प राहायला सांगितलं. ती शांतता भिवंडीच्या माणसाला सोसणारी नव्हती. मला उगीचच खोकला यायला लागला.

दादा दुर्बीण लावून पुढे गेले. मागून दुसरी जीप आली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. दादा हलले नाहीत. आम्ही सगळे ओरडलो, वहिनी तर किंचाळल्या. चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि जीप वाळूत घसरत दादांच्या हातभर मागे थांबली.

"दिसला रं माळढोक," म्हणत दादा वळले. आमचे चेहरे बघितले, मग जीप बघितली.

समोर जाऊन मी विचारलं, "कवापासून?"

"धा-बारा वरसं. कामावर कळलं असतं तर घरी बसवलं असतं."

वहिनी वाळूतच बसल्या. "मंग मी इतकी वरसं सैपाकघरातून बोलत हुते, ते?"

दादांनी त्यांचे ओठ वाचले आणि मान खाली घातली. माळढोक उडून गेला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. मी रोज या माणसाच्या डब्यातलं खाल्लं आणि मला एवढंही कळलं नाही, याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

यंदा दादा अचानक गेले.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनी भाकरीचं पीठ मळत होत्या. काहीतरी आठवलं तशा पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या, दादांच्या रिकाम्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "अवो, मीठ संपलंय."