काळ्या बॉनेटवरचं जाळं

भांडी घासण्यात माझा हात धरणारी बाई आमच्या गल्लीत नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगते. आईवडील ऊसतोडीला गेले की सहा महिने घरात मी आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान भाऊ. मी तेव्हा अकरा वर्षांची. भाकरी करपायच्या, कालवण खारट व्हायचं, पण तांब्या-पितळेची भांडी अशी लख्ख असायची, की शेजारची चुलती तिच्या पोरींना माझं उदाहरण द्यायची. राख, काथ्या आणि मनगटातला जोर, एवढंच माझं भांडवल. त्याच भांडवलावर मी भावाच्या नव्या गाडीची माती केली.

भाऊ सैन्यात आहे. बुटात तोंड दिसेपर्यंत पॉलिश करणारा माणूस. त्यानं गाडी घेतली ती काळी कुळकुळीत, आमच्या घराण्यातली पहिली. आईवडील तेलगावजवळ मळ्यात राहतात, तिथं गाडी ठेवायची सोय नाही. मी धर्मापुरीला शाळेत शिकवते आणि माझ्या घरापुढं पत्र्याचं शेड आहे. सुट्टी संपली तेव्हा त्यानं चावी माझ्या हातात ठेवली.

“अक्का, तुझ्याबिगर कुणाच्या हातात देणार न्हाई मी ही,” तो म्हणाला.

बॅटरी उतरू नये म्हणून गाडी अधूनमधून फिरवायला हवी, तेवढ्यासाठी मी छत्तिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले. दर रविवारी ती धुवायची. आमचं बोअरचं पाणी खारं, त्याचे पांढरे डाग काळ्या रंगावर बसत गेले. साबणानं निघेनात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझं डोकं फिरलं. उद्या पूजा, आणि गाडी अंगावर कोड फुटल्यासारखी दिसतेय! बंबातली राख चाळून घेतली, नवा काथ्या काढला, पदर खोचला आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत गाडी घासून काढली. गोल गोल, पातेलं घासतात तशी.

ओली होती तोवर गाडी अशी झळकली, की मी स्वतःवरच खूश झाले. मग ती वाळली. शेडातून उन्हात काढली आणि बघितलं. सगळ्या अंगावर गोल ओरखडे, एकात एक गुंतलेले. जिथं माझं तोंड दिसायचं तिथं नुसतं धुरकट काहीतरी. मी मटकन खाली बसले.

संध्याकाळी फोन आला. “अक्का, पूजेची तयारी झाली का? उद्या गाडीचा फोटू धाड.”

दुसऱ्या दिवशी बॉनेट झाकेल एवढा झेंडूचा हार घातला, गाडी सावलीत घेतली आणि फोटो पाठवला. त्यानं विचारलं, “चमकतीय ना?” मी म्हणाले, “आरशावाणी हाय.” या भावाशी मी जन्मात खोटं बोलले नव्हते. जीभ कशी वळली कोण जाणे. पण वळली, आणि मग मी ठरवलं की दिवाळीला तो यायच्या आत हे खोटं खरं करून दाखवायचं. हातात अठरा दिवस होते.

अंबाजोगाईत गाड्यांना पॉलिश करणारे एक चाचा आहेत, असं शाळेतल्या शिपायाकडून कळलं. शाळा सुटल्यावर गाडी घेऊन गेले. चाचांनी चष्मा वर केला, बॉनेटवर तिरकं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“या अल्ला! बाई, कशानं घासली?”

“राखेनं.”

“आन् काथ्यानं?”

मी मान हलवली. चाचा हसतील असं वाटलं होतं, पण त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, “ह्याला आमी जाळं पडलं म्हनतो. रंग न्हाई गेला. रंगाच्या वर काचंवानी पातळ थर असतो, त्याला हे चरे पडलेत. थर हाय तवर इलाज हाय. थर संपला की मंग नवा रंग.” त्यांनी एका ओरखड्यावरून नख फिरवलं. “नख अडकत न्हाई ना, म्हंजे हा निघंल. अडकलं तर त्याला हात लावायचा न्हाई.”

पण दिवाळीच्या आधी त्यांचा हात मोकळा नव्हता. मशीन दिवसभर चालू, गाड्यांची रांग दारात. मी म्हणाले, “हात माझा घ्या. तुम्ही फक्त दाखवा.”

“बाई, तुमच्या हातानंच तर हे झालं.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “मी बिघडवली, मीच नीट करणार.”

चाचांनी मला आपादमस्तक बघितलं. शेवटी म्हणाले, बॉनेट आणि छप्पर ते मशीननं करतील. दारं, त्यांच्यामधले खांब आणि जिथं पत्र्याची घडी वर येते त्या कडा हातानं कराव्या लागतात, त्या मी करायच्या. कडेवर थर पातळ असतो, मशीन तिथं तो जाळून टाकतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी अंबाजोगाईला. आधी चांगल्या पाण्यानं धुवायचं. मग तळव्याएवढा भाग घ्यायचा, स्पंजावर वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची आणि उभं-आडवं फिरवायचं. गोल नाही. काम सावलीत करायचं, बघायचं मात्र उन्हात. हे सगळं चाचांनी एकदाच सांगितलं. एक गोष्ट मात्र रोज सांगावी लागली: “बाई, जोर नको.”

जोर नको म्हणजे काय, हेच मला कळेना. माझ्या उभ्या आयुष्यात जे काही चमकलं ते जोरानं चमकलं. भांडी, फरशा, पोरांची पाटी, पोरंसुद्धा. पहिल्या दिवशी मी एका दारावर असा हात चालवला, की पत्रा तापला. चाचांनी माझा हात बाजूला केला आणि आपला पंजा दारावर ठेवला. “भाकरी शेकता काय?” ते म्हणाले. मला राग आला. त्यांचा नाही, माझ्या मनगटाचा.

तिसऱ्या दिवशी स्पंज हातातून निसटून खाली पडला. आमच्या घरची रीत अशी, की पडलेली वस्तू उचलायची, फुंकर मारायची आणि वापरायची. मी फुंकर मारली आणि घासायला लागले. दारावर नवी रेघ उमटली, लांब आणि पांढरी. चाचा ओरडले नाहीत. त्यांनी स्पंज माझ्या हातातून काढून घेतला, कचऱ्यात टाकला आणि दुसरा दिला. माझे डोळे भरून आले. एवढी शिकलेली मास्तरीण, आणि इतकं साधं कळू नये! पण घरी गेले नाही. त्या रेघेवर दिवस मावळेपर्यंत बसले आणि ती काढली.

रोज रात्री जेवणाच्या सुमाराला भावाचा फोन. “गाडी कशी हाय?” “आरशावाणी.” “तू कसा हाईस?” “ठणठणीत.” फोन ठेवला की मी ताट बाजूला सारायची. शाळेत पोरांना खोटं बोलू नये म्हणून सांगायचं आणि स्वतः रोज एकाच माणसाला एकच खोटं सांगायचं. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे दुसऱ्या दिवशी परत स्पंज हातात घेणं.

आठवड्याभरात हात हलका झाला. मागच्या डाव्या दारात पहिल्यांदा माझं तोंड दिसलं. घामेजलेलं, केस विस्कटलेले, पण नाक-डोळे जागच्या जागी. मी चाचांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, “हां. आता तीन दारं राह्यली.”

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा सगळी गाडी झाली होती. फक्त बॉनेटच्या उजव्या कडेला दोन ओरखडे उरले होते, बोटभर लांबीचे. नख फिरवलं, अडकलं. चाचा म्हणाले, “हे राहू द्या.” मी म्हणाले, अजून थोडं करून बघते. “बाई, कड हाय ती. थर गेला की खालचा रंग गेला, मंग कुनाच्या बापाला ते येनार न्हाई.” मी स्पंज हातात धरून उभी राहिले. आणखी दहा मिनिटं घासलं की निघतील, असं मनगट सांगत होतं. माझं मनगट मला चांगलं माहीत झालं होतं. मी स्पंज खाली ठेवला. आजवर एवढा जोर मला कशालाच लागला नव्हता.

भावाला आणायला मी गाडी घेऊन अंबाजोगाईच्या स्टँडवर गेले. दोन ओरखड्यांचं काही बोलायचं नाही, असं वाटेत ठरवलं होतं. तो आला, पाया पडला आणि गाडीकडे बघतच राहिला. “अक्का, खरंच की गं, आरशावाणी!” रस्त्याची धूळ बॉनेटवर बसली होती. त्यानं गळ्यातला टॉवेल काढला आणि कोरडाच पुसायला घेतला.

मी झडप घालून त्याचं मनगट धरलं. “कोरडं पुसू नको!”

“कावून? काय झालं?”

मग सगळंच तोंडातून बाहेर पडलं. राख, काथ्या, झेंडूचा हार, चाचा, अठरा दिवस. स्टँडवरची माणसं बघायला लागली. मी त्याला ते दोन ओरखडेही दाखवले. त्यानं वाकून बघितलं.

“मंजे रोज फोनवर खोटं सांगत व्हतीस मला?”

“हो. चुकलं माझं,” मी म्हणाले.

त्यानं चावी मागितली. मी दिली. वाटलं, ही काही परत मिळत नाही. त्यानं डिकी उघडली, बॅग ठेवली, चावी माझ्या हातात परत दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

गाव मागं पडल्यावर म्हणाला, “अक्का, मी बी खोटं बोललोय.” आणि पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर घेतला. पोटरीवर घोट्यापासून वर गेलेली टाक्यांची रांग होती, अजून लालसर. “पडलतो. पंधरा दिस दवाखान्यात व्हतो. म्हणलं तुला कशाला घोर.”

पंधरा दिवस. म्हणजे मी दारं घासत होते तेव्हा हा खाटेवरून मला ठणठणीत म्हणून सांगत होता. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि आपलं स्वतःचं सगळं विसरून त्याला असं झापलं, की बाजूनं जाणारा ट्रॅक्टरवाला वळून बघायला लागला. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं बोलणं संपेना, आणि रडणंही.