रिबेकाबाईंच्या वडिलांचं नाव

इन्चार्जबाई कुणाला शब्द देत नसत. वॉर्डात एखादी आई हात धरून विचारायची, "बाई, पोरगा वाचन ना?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "औषध येळेवर देईन. तेवढंच माया हातात हाय." लोकांना त्या कोरड्या वाटत. मलाही वाटल्या होत्या. वर्ध्यात आमच्या दोन घरांमध्ये एकोणीस वर्षं एकच भिंत होती, त्यामुळे उशिरा का होईना कळलं: दिलेला शब्द त्यांना झोपू देत नसे, म्हणून त्या तो देतच नसत.

सरकारी दवाखान्यात वॉर्डाच्या मुख्य नर्स, म्हणजे सिस्टर इन्चार्ज होत्या; निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना इन्चार्जबाईच म्हणत. वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेली. तेव्हापासून नवस, उपास, अंगारे त्यांच्या घरातून गेले ते गेलेच. माझ्या बायकोनं केळझरच्या गणपतीचा पेढा दिला की त्या खायच्या, पण बजावून. "पेढा म्हनून खाते बरं वहिनी, प्रसाद म्हनून नाई."

अशा बाईंनी आयुष्यात एकदाच शब्द दिला, आणि तो नवस फेडण्याचा.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी त्यांच्या वॉर्डात रिबेकाबाई दाखल होत्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. नवरा रेल्वेत, बदलीनं वर्ध्याला आलेला. तो फार आजारी पडला तेव्हा रिबेकाबाई अलिबागजवळच्या एका खडकाला मलिदा बोलल्या होत्या. एलियाहू पैगंबराचा खडक. मलिदा म्हणजे तिथं गोड पोहे, नारळ, फळं ठेवून केलेली प्रार्थना. नवरा बरा झाला, पुढे अकरा वर्षं जगला, पण कोकणात जाणं राहून गेलं. आता मागे कुणी उरलं नव्हतं. "तुम्ही कराल?" असं त्यांनी विचारलं आणि इन्चार्जबाई "करीन" म्हणाल्या. चौथ्या दिवशी रिबेकाबाई गेल्या.

तीन वर्षं बाई त्यावर विचार करत होत्या. मग एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, नवस मी मानत नाई. मंग दुसऱ्याचा फेडू कसा? आन् नाई फेडला तर शब्दाचं काय?"

"हात जोडू नका. सामान ठेवा आणि या."

"म्हंजे पार्सल पोचवाचं," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

सोबत मी गेलो. पिशवीत दोन किलो पोहे, नारळ, साखर, वेलची आणि आर्वीची डझनभर संत्री होती. नाशिक येईपर्यंत बाई माझ्याशी चार वाक्यंही बोलल्या नसतील.

जागा साधी होती. उघड्यावर एक काळा खडक, त्यावर घोड्याच्या टापा आणि रथाचं चाक उमटलंय असं मानतात. ठाण्याचं एक ज्यू कुटुंब मुलीच्या लग्नाआधीचा मलिदा करायला आलं होतं. बाई पिशवी छातीशी धरून लांबच उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या आजोबांनी सावलीत बोलावलं, तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं, "मी बौद्ध आहे. दगडापुढं हात जोडत नाई."

"आम्हीही नाही जोडत, ताई," आजोबा म्हणाले. "प्रार्थना देवाची. खडक आपला आठवणीला."

बाईंचे खांदे एकदम सैल झाले. तीन वर्षांची अडचण एका वाक्यात गेली होती. त्या बायकांत जाऊन बसल्या, पोहे भिजवले, संत्री सोलली, राहून गेलेल्या नवसाचं सांगितलं. सून म्हणाली, "आमच्या आत्याच वाटता हो." तेव्हा चक्क हसल्याही.

मग आजोबांनी विचारलं, "नवस बोललेल्या बाईंचं नाव काय? गेलेल्या माणसाचं नाव आम्ही वडिलांच्या नावासकट घेतो."

"रिबेका सॅम्युअल."

"सॅम्युअल वडील का?"

"नवरा."

पुढचं त्यांना माहीत नव्हतं. वय माहीत होतं, रक्तगट माहीत होता, वजन किती किलो तेही. पण लग्न झालेली बाई म्हटली की केसपेपरवर नवऱ्याचं नाव. बाईंनी तीस वर्षं तसंच लिहिलं होतं आणि त्यात काही राहतंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"अब्राहामची मुलगी म्हणू," आजोबा म्हणाले. "आम्ही सगळे त्याचेच."

"पर तिचा बाप अब्राहाम नव्हता ना, बाबा."

प्रार्थना 'अब्राहामची मुलगी' म्हणूनच झाली. मलिद्याची बशी बाईंच्या हातात बराच वेळ तशीच होती.

परत आल्यावर वर्षभर त्यांनी तपास केला. रेल्वेचे जुने कर्मचारी, रिबेकाबाईंचे शेजारी, सगळ्यांना विचारून झालं. सॅम्युअलसाहेब सगळ्यांच्या लक्षात होते. रिबेकाबाईंचं माहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "शब्द पाळला तुम्ही. पोहे पोचले, प्रार्थना झाली." त्या म्हणाल्या, "तुम्ही पोहे मोजता, भाऊ. प्रार्थना कोनाची झाली?"

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. त्याआधी आठवडाभर त्यांच्याच जुन्या वॉर्डात होत्या. मी भेटायला गेलो, तर त्यांनी स्टूल जवळ ओढायला सांगितलं.

"आखरीच्या दिवशी रिबेकाबाई बोलून राह्यलती," त्या म्हणाल्या. "हरवलेली पोर सांगते तसं. मी अमक्याची मुलगी, मले घरी न्या. बापाचं नाव घेतलं तिनं, भाऊ. दोनदा घेतलं."

त्यांनी स्वतःला लावलेल्या सलाइनकडे पाहिलं.

"मी सलाइनचे थेंब मोजून राह्यलती. मिनिटाले चाळीस. ते ध्यानात हाय."