फुकटचं की वर्षाचं

किस्से जमवायला आपल्याला काही करावं लागत नाही. थाटीपूरच्या आमच्या गल्लीत दोन घरांमध्ये एकच भिंत, गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि दुपारी कपडे वाळत घालायला मी वर. एवढं पुरतं! आमचे हे म्हणतात, "कुंदा, तू कपडे वाळवतेस की गल्ली?" म्हणू देत. मी अकरावीपर्यंत शिकलेली बाई, कॉम्प्युटरमधलं मला काय कळणार? पण शेजारच्या मंगलच्या कॉम्प्युटरला काय काय झालं ते तिच्या नवऱ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे, हे अगदी खरं.

राज्य फुटलं तेव्हाची गोष्ट. छत्तीसगड वेगळं झालं आणि ऑफिसांच्या वाटण्या सुरू झाल्या. मंगलचे मिस्टर, शिर्के भाऊजी, एका सरकारी महामंडळात हेडक्लार्क. महामंडळाचेही दोन तुकडे होणार. निम्मी माणसं इकडे, निम्मी रायपूरला. कोण कुठे, ते ऑर्डर आल्यावर कळणार. आणि ऑर्डर काही येईना! पगार कधी यायचा, कधी यायचा नाही.

आमच्या गल्लीत अशी बरीच घरं. त्या उन्हाळ्यात कोणी वर्षाचा गहू भरला नाही. किलो-किलोनं आटा आणायचे. कोणी घराला रंग काढला नाही, कोणी कूलरची वाळ्याची खस बदलली नाही. काहीही विचारा, एकच उत्तर, "आधी ऑर्डर येऊ दे!"

मंगल तेवढी कामात. लग्नाआधीच हिंदी टायपिंगची परीक्षा पास झालेली. मुलगी शिकायला इंदूरला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला, तो मंगलनं ताब्यात घेतला. युनिव्हर्सिटीची मुलं-मुली तिच्याकडे थीसिस टाइप करायला द्यायची. त्या वर्षी घर त्याच्यावर चाललं होतं. रायपूरला गेलं की ही सगळी गिऱ्हाइकं इथेच राहणार. तिथे मंगलला ओळखतं कोण? ती हे बोलून दाखवायची नाही. पण कीबोर्डचा आवाज भिंतीतून मला ऐकू यायचा, आणि भाऊजींनी "रायपूर" म्हटलं की तो थांबायचा.

*

पहिला व्हायरस भाऊजींनी पकडला!

मंगल भाजी घ्यायला गेली होती. भाऊजींना ऑफिसात काम नव्हतं म्हणून ते घरी. सहज कॉम्प्युटर उघडून बसले. फाइल उघडली आणि ओरडलेच. मी गच्चीवरून धावत खाली. बघते तर स्क्रीनवर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं! ना शब्द, ना अर्थ.

"कुंदाताई, गेलं! कोणाची तरी दोन वर्षांची मेहनत गेली!" भाऊजींना घाम फुटलेला. त्यांनी वाकून सरळ प्लगच उपटला. मग जरा वेळानं म्हणाले, "पंखासुद्धा बंद करू का?"

माझी तर घबराहट विचारू नका. मंगल येईपर्यंत आम्ही दोघं त्या कॉम्प्युटरकडे असं बघत बसलो होतो, जणू आत साप शिरलाय.

मंगल आली. भाजीची थैली खाली ठेवली, कॉम्प्युटर सुरू केला, फाइल उघडली, कुठेतरी बोट दाबलं. स्क्रीनभर शुद्ध हिंदी!

"अहो, हिंदी फॉन्ट लावावा लागतो," ती म्हणाली. "आणि यापुढे व्हायरस आला की त्याला हात न लावता मला हाक मारा."

*

खरा व्हायरस आला तो गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीतून. फाइल नीट बंद व्हायची नाही, झाली तर उघडायची नाही. एका मुलाचा अख्खा धडा मंगलनं परत टाइप केला, वर त्याला कळूही दिलं नाही. माझ्याजवळ मात्र म्हणाली, "ताई, असं एकदा झालं तर लोक समजून घेतील. दुसऱ्यांदा झालं तर येणार नाहीत."

यावर पहिला उपाय काढला आमच्या वैद्य गुरुजींनी. गुरुजी समोरच्या घरात राहतात. त्यांचे पणजोबा राजवाड्यात पूजेला होते, आणि हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही असा दिवस जात नाही. ते मंगलकडे पत्रिका छापून घ्यायला यायचे.

गुरुजी म्हणाले, "सोपं आहे. बाहेरची वस्तू घरात येते म्हणून विटाळ होतो. सोवळ्याचं काय असतं? बाहेरचं बाहेर, आतलं आत. फ्लॉपी उंबऱ्याबाहेर ठेवायला सांग, आधी तपास, मग आत घे!"

मंगलला ते पटलं. तिनं दाराबाहेर एक स्टूल मांडलं. आलेल्या फ्लॉप्या स्टुलावर. मुलीच्या एका मैत्रिणीकडे जुना कॉम्प्युटर होता, तिथे आधी फ्लॉपी लावून बघायची, मगच आपल्याकडे. पण स्टूल नेमकं चपलांशेजारी.

तोमर मॅडम आल्या. कॉलेजात शिकवतात, त्यांचा थीसिस मंगलकडे होता. स्टुलाकडे बघून त्यांचा चेहराच उतरला. "भाभी, पाँच साल की मेहनत है मेरी. चप्पलों के साथ रखूँ?"

पत्रिकेसाठी बसलेले गुरुजी आतून ओरडले, "बहनजी, मंदिर के बाहर भी तो चप्पल ही रहती है!"

मॅडमनी फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि परत गेल्या. तिसऱ्या दिवशी ती स्वतः मॅडमच्या घरी जाऊन फ्लॉपी घेऊन आली, पदरात गुंडाळून.

*

मग ठरलं, अँटीव्हायरस घ्यायचं. आणि खरं महाभारत तिथून सुरू झालं.

नई सडकला गुप्ताजींचं कॉम्प्युटरचं दुकान. मंगल आणि भाऊजी गेले. मला सुया-दोरा घ्यायचा होता, म्हणून मीही गेले. सुया-दोरा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळतो, ते सोडा.

गुप्ताजींनी नीट समजावून सांगितलं. एक फुकटचं मिळतं, ते सीडीवर भरून देतात. व्हायरस आला तर दाखवतं. दुसरं पैशाचं. ते दाखवतं, फाइल साफ करूनही देतं, आणि रोज टेलिफोनच्या लाइनवरून नवीन व्हायरसची माहिती आपली आपण मागवून घेतं, तेवढा वेळ फोन अडकलेला. पैसे एकदाच भरायचे, वर्षभर चालतं.

"वर्षभर" ऐकल्याबरोबर भाऊजी ताठ झाले. "महीने का नहीं मिलता?"

"साहब, यह किराये का कमरा थोड़े ही है!"

"पर हम लोगों का ऑर्डर आने वाला है. कभी भी जाना पड़ सकता है."

गुप्ताजी म्हणाले, "तो कंप्यूटर साथ नहीं जाएगा क्या? अँटीव्हायरस भी उसी में बैठके चला जाएगा!"

एवढं साधं! मंगल एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, कॉम्प्युटर जाईल हो. गिऱ्हाइकं त्यात बसून जातील का?"

गुप्ताजींनी न विचारताच फुकटच्याची सीडी पुढे केली.

*

फुकटचं काम करायचं, पण कटकट फार! मंगल टाइप करायला बसली की स्क्रीनच्या कोपऱ्यात खिडकी उघडायची, पैशाचं घ्या म्हणून. बंद केली की थोड्या वेळानं परत. मंगल म्हणायची, "विमा एजंट घरात ठेवल्यासारखं झालंय!"

भाऊजींनी त्यावर तोड काढली. ऑफिसातल्या कोणाकडून तरी पैशाच्या अँटीव्हायरसची कॉपी केलेली सीडी आणली आणि फुकटच्याला न काढताच तीही चढवली. "आता दोन-दोन पहारेकरी. कोण येतो बघू!"

व्हायरस नाही आला. कॉम्प्युटरच उघडेना. याला ते संशयित दिसायचं, त्याला हे. दोघं एकमेकांना धरून बसले. सकाळपासून स्क्रीनवर नुसतं घड्याळ फिरतंय! मंगलचं टायपिंग बंद, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक येणार.

मी म्हटलं, "भाऊजी, हे झालं तरी काय?"

भाऊजी हताश होऊन म्हणाले, "काही नाही ताई, आमचं ऑफिस झालंय. वाटणीच्या गडबडीत आमच्या सेक्शनला दोन साहेब आलेत. एक सही करतो, दुसरा ती खोडतो. महिना झाला, एक फाइल पुढे गेली नाही."

"मग तुम्ही लोक काय करता?"

"काय करणार? चहा!"

मंगलनं मात्र चहा केला नाही. कॉपीची सीडी काढून टाकली, सगळं पुसलं, फुकटचं परत चढवलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा हिचे शेवटचे कागद प्रिंटरमधून निघत होते. त्या दिवशी ती भाऊजींशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

*

तोमर मॅडमचा थीसिस जमा करायच्या आदल्या दिवशीची गोष्ट.

संध्याकाळी मॅडम छापील थीसिस न्यायला येणार. दुपारी मंगलनं फाइल उघडायला घेतली तर लाल चौकट! फुकटच्यानं चक्क थीसिसमध्येच व्हायरस दाखवला. खाली पर्याय दोनच. फाइल काढून टाका, नाहीतर तशीच ठेवा. साफ करून हवी असेल तर पैशाचं घ्या!

दुसरी प्रत फ्लॉपीवर होती. तिच्यातही तेच.

मंगलनं गुप्ताजींना फोन लावला. ते म्हणाले, "डिलीट मत करना भाभीजी! पैसे वाला शायद साफ कर दे. पर आज दुकान बंद है, मैं मुरैना में हूँ."

भाऊजी म्हणाले, "डिलीट कर! नाहीतर बाकीच्यांचे थीसिसही जातील."

गुरुजी दारातूनच म्हणाले, "हात लावू नको. शांत हो आधी."

मंगल कोणाचंच ऐकत नव्हती. स्क्रीनकडे बघत होती. मग तिनं फ्लॉप्या काढल्या, टेलिफोनची वायर काढली, आणि म्हणाली, "ताई, कागदाला व्हायरस लागत नाही ना?"

मी काय सांगणार? मी म्हटलं, "नाही लागत गं!" ठामपणे म्हटलं एकदम.

तिनं फुकटच्याला बंद केलं, फाइल उघडली आणि प्रिंट दिलं. पहिलं पान आलं. दुसरं आलं. मी पानं उचलत होते, गुरुजी खाली मांडी घालून आकडे बघून लावत होते. भाऊजी प्रिंटरला कागद भरत होते. एकदा स्क्रीन अडकली. मंगलनं डोळे मिटले. परत सुरू झाली. शेवटचा अध्याय निघत होता आणि वीज गेली! आमच्याकडे वीज संध्याकाळी जायचीच. यूपीएस टीं-टीं करायला लागला. त्या टीं-टींमध्ये एकेक पान येतंय, आणि बाहेर मॅडमची स्कूटी थांबल्याचा आवाज.

शेवटचं पान हातात आलं आणि पाठोपाठ कॉम्प्युटर बंद झाला.

मंगलनं गठ्ठा नीट केला, मेणबत्ती घेऊन दारात गेली. मॅडमनी पानं चाळली. बोटाला डाग लागला.

"भाभी, स्याही तो गीली है!"

मंगल म्हणाली, "ताज़ा है दीदी. आपके लिए अभी-अभी निकाला."

*

दुसऱ्या दिवशी मंगल एकटी शेअरच्या टेंपोनं नई सडकला गेली आणि पैशाचं घेऊन आली. मी गच्चीवरून विचारलं, "भाऊजींना विचारलंस?"

"थीसिस टाइप करताना विचारते का?" म्हणाली आणि खाली गेली.

पैशाच्यानं मॅडमची फाइल साफ करून दिली. मंगलनं ती सीडीवर भरून मॅडमना नेऊन दिली, आणि मॅडमनी आपल्या कॉलेजातल्या दोघीजणी तिच्याकडे पाठवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी मंगलकडे विरजण मागायला गेले होते. ती खुर्चीत, समोर स्क्रीनवर हिरवी पट्टी हळूहळू सरकतेय. तेवढ्यात भाऊजी आले. शर्ट घामानं चिंब, बूट न काढताच आत.

"तासभर झाला, ऑफिसातून फोन लावतोय! सतत एंगेज!"

"अपडेट चालू आहे," मंगल म्हणाली.

भाऊजींनी खिशातून कागद काढला. "ऑर्डर आली. रायपूर. सोमवारी जॉइन व्हायचंय."

माझ्या हातातली वाटी तशीच. पट्टी सरकत होती.

भाऊजी खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "ट्रकवाल्याशी बोललोय. सामान आवरायला घेऊ. आधी हा कॉम्प्युटर बांधू, म्हणजे हादरे बसायचे नाहीत. बंद कर तो."

"मधेच बंद करू नका असं लिहिलंय."

"मग किती वेळ लागेल?"

"आजचं होईल आत्ता. उद्या परत येईल, परवा परत. वर्षभर येत राहणार. पैसे भरलेत मी."

भाऊजी स्क्रीनकडे बघत राहिले. मग मंगलकडे. मग, कोण जाणे का, माझ्याकडे. मी वाटीत बघितलं.

"म्हणजे मी एकटाच जाऊ?"

मंगलनं पहिल्यांदा मान वळवली. उठली, त्यांच्या हातातून ऑर्डर घेतली, नीट घडी घालून त्यांच्याच खिशात परत ठेवली. खिसा हातानं सारखा केला.

"सकाळी फोन करत जा," ती म्हणाली. "दुपारी लाइन बिझी असते."