कमलबाईंच्या काउंटरमधले दोन खांब

"मॅडम, शटरवाल्याला बोलवू का तुम्ही येता?" बालाजीरावांनी फोनवर विचारलं.

मी लातूरची. तेव्हा जळकोटला एका शाळेचा स्लॅब बघत होते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला शटरसाठी कुणी बोलावत नाही. मी विचारलं, "शटरला काय झालं?"

"कमलबाईंच्या दुकानाचं अर्ध्यात अडकलंय. ग्रीस लावलं, हातोडी मारली. वर बी जाईना, खाली बी येईना. आन् आज संध्याकाळी वरच्या मजल्यावर घरचा कार्यक्रम हाय."

"शटर नवीनच आहे ना?"

"महिना झाला नसंल."

नवं शटर अडकतं तेव्हा दोष बहुतेक वेळा चौकटीचा असतो. चौकट दबली की शटर त्यात धरलं जातं. मी म्हटलं, "मीच येते. तोपर्यंत वर कुणाला जाऊ देऊ नका."

"वरच्याचा आन् शटरचा काय संबंध?" ते म्हणाले. मी आल्यावर सांगते म्हणून फोन ठेवला.

नांदेडच्या बाहेर, लातूर रोडला लागून बालाजीरावांची वडिलोपार्जित जमीन आहे. तिथून रस्ता रुंद होणार असल्याने पक्कं बांधकाम करता येत नव्हतं. म्हणून त्यांनी जहाजावरचे जुने कंटेनर आणून त्यांत दुकानं काढायचं ठरवलं. उद्या जागा सोडावी लागली तर क्रेनने उचलून दुसरीकडे न्यायचे. कपडे, मोबाईल कव्हर, आइस्क्रीम, भाकरी-झुणका, सगळं एका आवारात. कल्पना चांगली होती. डिझाइन माझं होतं.

कंटेनर मजबूत असतो, पण कुठे मजबूत असतो ते लोकांना माहीत नसतं. जहाजावर एकावर एक कितीतरी कंटेनर रचतात, कारण वरच्याचं वजन खालच्याच्या चार कोपऱ्यांवरच्या उभ्या लोखंडी पोस्टवर येतं. कोपरे ते सहज पेलतात. मधल्या भागाचं तसं नाही. तिथे वरच्या लोखंडी कडेला आधार असतो तो फक्त नागमोडी पत्र्याच्या भिंतीचा. भिंत कापली की ती कड कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी उरते.

बालाजीरावांना देखणेपणा हवा होता. खाली दोन कंटेनर समांतर आणि त्यांच्यावर एक लांब कंटेनर पुलासारखा आडवा. त्यात बसून जेवायची सोय. म्हणजे वरच्याचं वजन खालच्यांच्या कोपऱ्यांवर येत नव्हतं, मधोमध येत होतं. एका बाजूला आइस्क्रीमवाल्याने नुसतं दरवाजापुरतं कापून घेतलं होतं, बाकी भिंत शाबूत होती. दुसऱ्या बाजूला कमलबाईंना काउंटरसाठी अख्खी भिंत कापून हवी होती. म्हणून तिथे मी दोन खांब दिले होते. ते उभे राहिलेले मी स्वतः बघितले होते.

मी पोचले तेव्हा ते खांब नव्हते.

काउंटर सलग, गुळगुळीत, वर ग्रॅनाइट. फॅब्रिकेशनचं काम केलेले सलीमभाई तिथेच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं.

"मालक बोले, काढो. मैं बोला मॅडमको पुछो. बोले, पुछ्या," ते म्हणाले.

"बालाजीराव, मला विचारलं होतं?"

"विचारणार होतो," बालाजीराव म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर खांब. बाई पलीकडून भाकरी देणार, तिचं तोंडबी दिसंना. अन् काढून महिना झाला, काय झालंय का?"

"शटर अडकलंय."

मी सलीमभाईंकडून दोरी मागितली. काउंटरच्या डोक्यावरच्या लोखंडी कडेला, कंटेनरच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ताणून बांधली. दोरी सरळ होती. मधली कड दोरीच्या खाली बोटभर उतरली होती. मग शिडी लावून वर बघितलं. वरच्या कंटेनरच्या छतावर, नेमकी याच बाजूला, पाण्याची काळी टाकी बसवली होती. ड्रॉइंगमध्ये टाकी जमिनीवर होती.

कमलबाई आत स्टोव्हजवळ उभ्या होत्या. पन्नाशीच्या आतल्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, मी किल्लारीची. भूकंपात आमच्या दगडाच्या भिंती पडल्या, माय गेली त्यात. मी पोरगी होते. गावात पक्कं दुकान मिळत होतं, ते न्हाई घेतलं. हे मुद्दाम घेतलं. पत्रा अंगावर आला तरी माणूस उरतं म्हणून. खरं सांगा, पडंल का हे?"

अशा प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "आज पडेल असं मी म्हणत नाही. पण पडणार नाही असंही मला म्हणता येत नाही. आणि वर आहे तो नुसता पत्रा नाही, बाई. काही टन लोखंड आहे."

त्यांनी स्टोव्ह बंद केला. सिलेंडरचा पाइप काढला आणि पिठाचा डबा उचलून आवारातल्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवला. मग परत येऊन तवा नेला.

"कामून घाबरवून राहिले बाईला?" बालाजीराव चिडले. "तुम्ही लातूरवाले एवढ्या-तेवढ्यानं हादरता. आज माझ्या नातीचा पहिला वाढदिवस हाय. माझ्याच घरचे लोक वर बसणार. त्यांच्या जिवावर उठंन का मी?"

"तुमचे वर, कमलबाई खाली. दोघांचंही बघायला लागेल," मी म्हटलं. "आधी टाकी रिकामी करा. खाली कुणी थांबायचं नाही."

सलीमभाईंनी टाकीला पाइप जोडला. पाणी लिंबाकडे सोडलं. आम्ही लांबून दोरीकडे बघत बसलो. हळूहळू कड वर सरकली. दोरी आणि कड यांच्यातलं अंतर निम्म्यावर आलं. सलीमभाईंनी लांब काठीने शटरला ढकललं. ते खडखडत वर गेलं.

मला वाटलं, झालं. आता डोळ्यांनी बघितलंय, पटेल.

बालाजीराव खूश झाले. "घ्या. टाकीचा लोचा होता. काढून टाकू टाकी. संपला विषय. सलीम, वर खुर्च्या मांड."

मी कपाळाला हात लावला. वजनामुळे कड वाकते हे मला दाखवायचं होतं. त्यांनी बघितलं ते एवढंच, की शटर उघडलं.

"टाकीत पाणी किती होतं?" मी विचारलं.

"हजार लिटर."

"म्हणजे हजार किलो. साधारण पंधरा माणसं. संध्याकाळी किती येणार?"

"साठ-सत्तर. लेकरं वेगळी."

"निम्मे या बाजूला बसले तरी दोन टाक्या झाल्या. केक कुठे कापणार?"

त्यांनी वर बोट केलं. फुगे आधीच लावलेले होते, कमलबाईंच्या डोक्यावरच्या टोकाला.

"केक कापताना सगळे त्याच टोकाला येतील," मी म्हटलं. "तेव्हा किती टाक्या होतील ते तुम्हीच मोजा."

ते दोरीकडे बघत राहिले. मग खिशातून फोन काढला आणि घरी सांगितलं की कार्यक्रम खाली, लिंबाखाली आहे. पलीकडून बराच आवाज येत होता. ते "हाव, हाव" एवढंच म्हणत होते.

सलीमभाईंनी जवळच्या साइटवरून लोखंडी प्रॉप आणले. स्लॅब भरताना खालून टेकू देतात तेच. ते कडेखाली घट्ट बसवले आणि जिन्याला साखळी लावली. प्रॉप हा तात्पुरता इलाज, त्यावर माणसं चढवायची नसतात. पुढच्या आठवड्यात जुन्या जागी नवे खांब वेल्ड झाले, खाली काँक्रीटचं बूड घेऊन. मी पुन्हा दोरी लावून बघितली, मगच साखळी काढू दिली.

वाढदिवसाला मी थांबले होते. भाकऱ्या कमलबाईंनीच केल्या, लिंबाखाली चूल मांडून. बालाजीराव माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण ताट मात्र स्वतः आणून दिलं.

कमलबाई खूश झाल्या असतील असं मला वाटलं होतं. खांब बसल्यावर त्या काउंटरच्या आतून बघत म्हणाल्या, "ताट सरकवताना मधी येतोय. जरा कडंला घेता येईल का?"

"नाही, बाई."

"बरं. राहू द्या मग."

या प्रकरणातून मी एक शिकले. मालकाला प्रयोग करून दाखवायचा असेल, तर त्यातून काय सिद्ध होणार आहे ते आधी सांगावं. नंतर सांगितलं तर उशीर होतो. त्याला हवा तो निष्कर्ष त्याने तोवर काढलेला असतो.

बालाजीरावांचं आवार आता चांगलं चालतं. वर बसायला लोक थांबून राहतात. कुणी इंजिनिअरचं नाव विचारलं की ते माझं नाव सांगतात आणि पुढे म्हणतात, "लई हुशार बाई हाय. आली अन् एका मिनटात सांगितलं, टाकी काढा."