रेश्मा सावळी झाली तो दिवस

वैशाखरे गावात वत्सलाबाईंसारखी फटकळ बाई शोधून सापडायची नाही. सरपंचालाही तोंडावर सुनावणारी. पण वाडीच्या अभ्यासवर्गाचं नाव काढा, बाई मान खाली घालते. का, ते ऐका.

वर्ग चालायचा गावाच्या वरच्या कातकरीवाडीत. मुंबईची एक संस्था खर्च द्यायची, शहापूरची एक संस्था देखरेख करायची म्हणे, आणि शिकवायच्या वत्सलाबाई. जीव लावून शिकवायच्या, त्यात खोट नाही. पण दिवाळी झाली की अख्खी वाडी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, पोरंटोरं, कोंबड्या सगळं घेऊन. त्या साली जाताना सावळी नावाची चुणचुणीत पोर म्हणाली, "बाई, माजी जागा ठेवा हां."

आणि नेमका अठ्ठ्याण्णवच्या थंडीत निरोप आला, मुंबईचे पाहुणे वर्ग बघायला येतायत. वत्सलाबाईंना एकच धास्ती: रिकामा वर्ग दिसला तर तो बंदच करतील, मग पावसाळ्यात परतलेल्या पोरांनी जायचं कुठं? सरळ खरं सांगायचं सोडून बाईंनी भलतीच शक्कल लढवली. गावातली भावकीची पोरं गोळा केली, वाडीतल्या पोरांची नावं त्यांच्याकडून घोकून घेतली आणि वर्गात बसवली. सावळीच्या जागी बसवली स्वतःची लेक, रेश्मा.

पाहुण्यांत एक वयस्कर बाई होत्या. सावळीच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचललेला. तिच्यासाठी त्यांनी स्वतः स्वेटर विणून आणला होता. तो रेश्माच्या अंगात घालून त्यांनी विचारलं, आई कुठं आहे बाळा?

"भट्टीवर गेली."

मग तुला कोण बघतं, असं विचारल्यावर रेश्मानं सख्ख्या आईकडे बोट दाखवलं. "या बाई."

वत्सलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात पाहुण्याबाई त्यांचे हात हातात घेऊन म्हणाल्या, आईबाप भट्टीवर गेले तरी तुम्ही मुलं मागे ठेवून घेतलीत, धन्य तुमची! आम्ही तर भट्टीवरच शाळा काढावी का, ते बघायला आलो होतो. इथं गरजच नाही, ती आता दुसऱ्या तालुक्याला देऊ.

आता तरी बोलायचं की नाही? पण एवढी फटकळ बाई, गाडी मुरबाडकडे वळली तरी हात जोडून उभी. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण इथं गोटा बसला तो भट्टीवरच्या पोरांच्या कपाळी.

पावसाच्या तोंडावर वाडी परतली. सावळीचे तळवे विटांनी सोलवटलेले, अक्षरं निम्मी विसरलेली. वत्सलाबाईंनी जपून ठेवलेला स्वेटर तिला दिला. भर उकाड्यात तिनं तो घातला आणि काढीचना. कुणी दिला ते बाई चाचरत सांगायला गेल्या, तर पोरीला सगळं ठाऊक. रेश्मानंच सांगितलेलं.

चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "बाई, पुढल्या साली बी रेश्मालाच बसवा. मी तवा भट्टीवरच असन. आन तिला नीट बोलाया येतं, मना नाय येत."

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई शहापूरला गेल्या आणि संस्थेत सगळं ओकून आल्या. पण भट्टीची शाळा तोवर दुसरीकडे गेली होती.

दिवाळी झाली. सावळी स्वेटर घालून आईबापामागं भट्टीवर निघाली. वत्सलाबाई वाटेवर उभ्याच होत्या. या खेपेला तिनं जागा ठेवायला सांगितलं नाही.