दुधात सोडलेली मुंगी

माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली तेव्हा कपाशीवर फवारणी चालू होती. आमचं गाव दौलताबादच्या पलीकडं. पाठीवर पंप गडी घ्यायचे; पाणी वाहायचं, बादलीत औषध कालवायचं आणि फवारणीचे कपडे धुवायचे, हे बायकांचं काम. लेकीनं ते लहानपणापासून केलं, तिच्याआधी मी केलं. त्याच हातांनी भाकरी थापायचो. औषधाचे रिकामे डबे घासून त्यात बी ठेवायचो. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर गावात मराठी शाळा निघाली, तिथं मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळं डब्यावरचं बारीक अक्षर मला वाचता यायचं. पण ते वाचत कोण बसतं? कवटीचं चित्र होतं, ते किड्यांसाठी असेल असं वाटायचं.

मुलगी झाली. दूध चांगलं ओढायची. मग शेजारचं, तिच्या मागून जन्मलेलं पोरगं पालथं पडायला लागलं आणि आमची मात्र उचलली की मान मागं टाकायची. लेक रोज तिला उभी धरून बघायची. मी म्हणायचे, धरेल मान. मला तरी कुठं माहीत होतं.

त्याच सुमाराला औरंगाबादच्या दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीण गावातल्या बाळंतिणींचं दूध तपासायला घेऊन गेली होती. ती परत आली, ओट्यावर बसली आणि सरळ म्हणाली, फवारणीच्या औषधाचा अंश दुधात सापडलाय, हिच्याच नाही, गावातल्या सगळ्याच जणींच्या. दूध तोडू नका, पण बाळाला एकदा दवाखान्यात आणा. ती गेल्यावर पुढचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. दुधात औषध निघालं, एवढंच गल्लीभर झालं.

माझी थोरली जाऊ शेजारीच राहायची. ती लगेच आली.

"दूध विखारी म्हणत्यात ना? मग मुंगी सोडून बघा की. दवाखाना कशाला पायजे?"

ही आमच्याकडची जुनी रीत. मूल खुरटलं की आईचं दूध बशीत काढायचं आणि त्यात काळी मुंगी सोडायची. मुंगी मेली तर दूध विखारी. मग मूल शेळीच्या दुधावर.

लेकीनं बशीत दूध काढलं. जावेनं चुलीमागून मुंगी धरून आणली. आजूबाजूच्या बायका जमल्या. मुंगीनं पाय झाडले, जराशी फिरली आणि काठावर चढून चालती झाली.

"बघा!" जाऊ म्हणाली. "आता सांगा, डॉक्टरीण शानी का मुंगी शानी?"

"मुंगीला फीस बी लागत नाय," शेजारीण म्हणाली. बायका हसल्या. मलाही सुटल्यासारखं झालं.

लेक हसली नाही. पदर सावरत म्हणाली, "मोठ्याई, मुंगीला मान धरायची असती का?"

"म्हंजे?"

"ती जगली. माझी पोर बी जगतीच हाय की. जगण्याचं कोण इचारतंय?"

"सासरी जाऊन लई जीभ आली गं तुला."

"व्हय, आली."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं औरंगाबादला गेलो. तोवर तिनं बाळाला अंगावर घेणं बंद केलं होतं. म्हशीचं दूध पाणी घालून चमच्यानं पाजत होती. छाती दाटून चोळी भिजली होती, तरी नाही.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी बाळाला बसवून पाहिलं, खुळखुळा वाजवून पाहिला. वाढ मागं आहे म्हणाले.

"माझ्या दुधानं झालं का?" लेकीनं विचारलं.

"सांगता येत नाही."

"व्हय का नाय, तेवढंच सांगा."

"खरंच सांगता येत नाही, बाई. पोटात असताना काही झालं असेल, जन्मताना झालं असेल. औषधानं झालंच नाही असंही मी म्हणत नाही. पण म्हशीच्या दुधात ते नसेल असं वाटतं का? तुमची म्हैस सरकी कुठली खाते?"

आमच्याच शेतातली खायची.

"अंगावरच पाजा. त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही."

मी चिडले होते. इतकी शिकलेली माणसं आणि हो-नाही सांगता येत नाही. बाहेर व्हरांड्यात बाळ भुकेनं रडायला लागलं.

"घे तिला," मी म्हटलं.

"अन् दुधानंच झालं असंल तर, माय?"

"मग काय पाजतीस? पाणी? ते बी आपल्याच हिरीचं."

तिनं घेतलं. बाळ आधाशासारखं ओढत होतं. लेक तिच्याकडं न बघता समोरच्या भिंतीकडं बघत होती.

नात उशिरा बसली, त्याहून उशिरा चालली. आता बाई झाली आहे. घरकाम करते, पण बोलताना शब्द सापडत नाही, हिशेब जमत नाही. तिच्या पाठचे दोन्ही भाऊ त्याच आईचं दूध प्याले आणि धडधाकट निघाले. जाऊ म्हणायची, बघ, दूध चांगलंच होतं. लेकीनं मात्र पुढं त्या डॉक्टरिणीला गाठून विचारलं होतं. बाईच्या अंगात साठलेलं पहिल्या मुलाला जास्त जातं, पाठच्यांना कमी, असं तिनं सांगितलं. नातीच्या बाबतीत तसंच झालं, असं डॉक्टरीण म्हणाली नाही. पण लेकीनं तेच धरलं.

दोन्ही पोरं घरी आली की लेक त्यांना हौसेनं वाढते, आणि मधेच नातीकडं बघते. तिनं तसं बघितलं की मी ताट घेऊन उठते; लहानपणी तिला औषध कालवायला मीच लावलं होतं.