कानातला भूकंप

"बाई, भूकंप झालाय हे खरंय. पण तो तुमच्या डाव्या कानात झालाय," डॉक्टर म्हणाले आणि मला हसू फुटलं. हसलं की डोकं आणखी गरगरायचं, तरी आवरेना.

आजाराचं नाव बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. नाव ऐकूनच माणूस अर्धमेला व्हावा. अर्थ साधा आहे. कानाच्या आत चुन्याचे बारीक कण असतात, तोल सांभाळायला मदत करतात. ते जागचे निसटून भलत्याच नळीत शिरले, की नुसती कूस बदलली तरी घर फिरतं. जिवाला धोका नाही. हे शेवटचं वाक्य मी डॉक्टरांकडून परत परत वदवून घेतलं.

आता सकाळचा तमाशा सांगते. लातूरला ट्यूशनच्या गल्लीत माझं मुलींचं हॉस्टेल आहे. नवरा गेल्यावर वरच्या मजल्यावर खाटा टाकल्या आणि चाकूर, भोकर, उदगीरहून डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी सांभाळायला लागले. त्या दिवशी उजाडता उजाडता डाव्या कुशीवर वळले, तर पंखा, कपाट, देव्हारा, सगळंच फिरायला लागलं. दुसऱ्या गावची बाई म्हणाली असती, चक्कर आली. लातूरची बाई काय म्हणणार? भिंत धरत जिन्यापाशी गेले आणि ओरडले, "पोरींनो, भूकंप! बाहेर पळा!"

सगळ्या पोरी गाऊनवर रस्त्यात. एकीनं तेवढ्यातही बायोलॉजीचं गाइड उचललेलं. शेजारीपाजारी बाहेर आले, कुणाला काही जाणवलेलं नाही. उदगीरची अल्फिया माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "काकू, कायबी हललं न्हाई. तुम्हीच हलून राहिल्या." यावर काही बोलायच्या आत मी तिथंच भडाभडा ओकले.

समोरच्या माडीवर मठपती सर राहतात, क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. ते धावत खाली आले, रिक्षा थांबवली. एरवी मला 'शैलाबाई, तुम्ही' म्हणणारा माणूस रिक्षात म्हणाला, "शैला, डोळे मीट. मी हाय." तोंडापुढं उलटीची पिशवी होती, तरी ते मला नीट ऐकू आलं.

दवाखान्यात बीपी, शुगर पाहिली, ऐकण्याची चाचणी झाली. मग मान वळवून मला झटकन आडवं केलं आणि डॉक्टर डोळ्यांत बघत बसले. बुबुळं आपोआप झरझर सरकतात, त्याला निस्टॅग्मस म्हणतात. त्यावरून कुठला कान ते कळतं. उपाय म्हणजे एप्ली मॅन्यूव्हर. डोकं ठरावीक क्रमानं वळवत ते कण परत जागेवर आणायचे. ना सुई, ना कापाकापी. करताना मात्र भीती वाटते. मी डॉक्टरांचा कोट घट्ट धरून ठेवला होता.

बाहेर बाकावर सर माझ्या चपला हातात घेऊन बसलेले. मी अनवाणीच निघाले होते म्हणे.

हा अविनाश मठपती माहेरचा शेजारी. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी आम्ही दोघं बारावीला होतो. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली, आणि धास्तीनं अख्खं लातूर घराबाहेर झोपायला लागलं. आमच्या दोन्ही घरांची अंथरुणं अंगणात ताडपत्रीखाली असायची. उशाशी अविनाश तांब्यावर पेला उपडा ठेवायचा. जमीन हलली की तो पडून वाजणार आणि सगळ्यांना जाग येणार. त्याच्या आईनं बजावलं होतं, "पेला पडला की शैलाचा हात धर अन् मैदानात पळ." छोटे धक्के येत राहिले. पेला थरथरायचा, पण कधी पडला नाही. पुढच्या वर्षी तो नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेला, माझं लग्न झालं. मनातलं बोललं कुणीच नाही. आईच्या आजारपणात त्यानं लग्नाचा विषयच सोडून दिला, हे मला फार उशिरा कळलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर सरांनी स्वयंपाकघरातून तांब्या आणला, माझ्या उशाशी ठेवला, वर पेला उपडा घातला. "हा पडला तर भूकंप. न्हाई पडला तर तुझा कान. पोरींना उगी पळवू नको." मी भिंतीकडं तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, मान झटकायची नाही, उंच उशीवर पडून राहायचं. मी कंटाळून गेले. अल्फियाचा जप्त केलेला फोन माझ्या कपाटात होता, चिनी मालिका बघताना पकडलेला. ती म्हणाली, "काकू, तुम्ही बगा, मी नुसती ऐकते." लबाड कुठली! मालिका हिंदीत होती. शाळेत एकमेकांवर जीव असलेली दोघं मोठेपणी परत भेटतात. भेटतात तर भेटतात, पण बोलतील तर शपथ! तो तिच्या डोक्यावर छत्री धरतो, स्वतः भिजतो. भागांमागून भाग गेले, अजून हातसुद्धा धरलेला नाही.

"अरे बोल की मेल्या!" मी ओरडले.

"काकू," अल्फिया हळूच म्हणाली, "मठपती सर बी असंच बघून राहतात की तुमच्याकडं. अन् ते तर नांदेडच्या क्लासला चाललेत आता. कायमचे."

मी पेल्याकडं पाहिलं. तो मख्खासारखा जागेवर.

दुसऱ्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "कण जागेवर गेले. पुन्हा निसटले तर या, घाबरू नका." तुमच्यापैकी कुणाला असं झालं तर माझंही तेच सांगणं. मात्र चक्करसोबत बोलताना जीभ जड झाली किंवा हातपाय लुळे पडले, तर वेळ न घालवता मोठा दवाखाना गाठा. तो आजार वेगळा असतो.

संध्याकाळी सर निरोप घ्यायला आले. सामान बांधून झालं होतं. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "बरं वाटतंय न्हवं आता? हे काढून ठेवू का?" आणि तांब्याकडं हात नेला.

त्यांच्या आधी मी हात पुढं केला आणि एका बोटानं पेला ढकलला.

ठण्णकन वाजला. गडगडत खाटेखाली गेला.

"अविनाश, पेला पडला," मी म्हणाले. "काय करायचं ठरलं होतं?"

त्यानं माझा हात धरला. चांगला घट्ट.

"अन् नांदेड?" मी विचारलं.

"सांगतो त्यांना, दुसरा मास्तर बघा म्हणून."

जिन्यावर लपलेल्या पोरींनी एकच कल्ला केला. घर पुन्हा गरगर फिरल्यासारखं वाटलं खरं. पण डॉक्टरांनी सांगितलंच होतं, जिवाला धोका नाही.